बँडस्टँडच्या खडकावर चौकटी टाकल्या, पण नाल्यापाशीच जास्त जीव निघाले. चुकलं कुठे?

शंखशिंपली_सांताक्रूझ

नमस्कार. मी द्वितीय वर्ष प्राणिशास्त्राला आहे. आम्हा चौघींना या सत्रात प्रकल्प दिलाय: वांद्र्याच्या खडकाळ किनाऱ्यावर दोन जागा घ्यायच्या, दोन्हीकडची जैवविविधता मोजायची आणि तुलना करायची. आम्ही बँडस्टँड निवडलं. ‘अ’ जागा नाल्याच्या तोंडाशी, ‘ब’ जागा तिथून साधारण ३०० मीटरवर, जिथे नाला नाही. ‘ब’ ला जास्त प्रकारचे जीव मिळतील असं आम्ही धरून चाललो होतो.

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला ‘अ’ ला सुरुवात केली. ५० सेंटिमीटर बाजूची चौकट पाठमोरं उभं राहून खांद्यावरून टाकायची, जिथे पडेल तिथलं सगळं मोजायचं. ‘अ’ ला चार वेळा ती नुसत्या कोरड्या खडकावर पडली, तिथे काहीच नव्हतं, म्हणून पुन्हा टाकली आणि दहा चौकटी पूर्ण केल्या. मग चहा घेऊन पावणेनऊला ‘ब’ ला गेलो. तिथे दहाच्या दहा चौकटींत काही ना काही होतं. बार्नकल (खडकाला चिकटलेले, वाटीसारख्या कवचाचे बारीक जीव) दोन्हीकडे इतके होते की मोजताच येईनात, ते सोडले. खालच्या बाजूला हिरवट रबरासारखा एक थर असतो, बोट लावलं की मिटतो, त्याचं काय करायचं तेही कळलं नाही.

निकाल असा. ‘अ’: १० चौकटी, ९ प्रकार, एकूण ३०० जीव, म्हणजे चौकटीला ३०. सिम्पसन इंडेक्स (१ वजा डी, म्हणजे विविधतेचा शून्य ते एक मधला आकडा, जितका मोठा तितकी विविधता जास्त) ०.८२. ‘ब’: १० चौकटी, ५ प्रकार, एकूण २०० जीव, चौकटीला २०. त्यात लिटोरिनाचे बारीक शंख १८४, नेराइटा शंख ९, कालवं ४, लिंपेट (टोपीसारखे शंख) २, हर्मिट खेकडा १. इंडेक्स ०.१५.

सर म्हणाले, आकडेमोड बरोबर आहे पण पद्धतीत घोळ आहे, शोधून काढा. तीन दिवस झाले, आम्हाला सापडत नाही. नाल्याच्या पाण्यामुळेच जीव वाढले असं लिहिता येईल का? सादरीकरणाला अजून महिना आहे, त्यामुळे पुन्हा जायचीही तयारी आहे.

दांड्याचा_नाखवा

मी खारदांडा कोळीवाड्यातला. इंडेक्स वगैरे माझा प्रांत नाही, पण तुम्ही दिलेल्या वेळा वाचल्या आणि राहवलं नाही म्हणून लिहितो.

तुम्ही गेलात प्रतिपदेला. आमच्याकडे हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. प्रतिपदेचा पाऊण म्हणजे दुपारी पाऊणच्या सुमारास भरती, तर त्याच्या सहा तास आधी, पावणेसातच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पाचदहा मिनिटं इकडेतिकडे. म्हणजे ‘अ’ ला तुम्ही अगदी तळाच्या पाण्यात पोहोचलात. पौर्णिमेचं उधाण असल्याने पाणी लांबवर गेलेलं होतं, एरवी झाकलेला खडक उघडा पडला होता.

आता पावणेनऊ. दोन तास झाले. पाणी पहिल्या तासात हळू चढतं, दुसऱ्यात जरा जोर धरतं, तिसऱ्या-चौथ्यात धावतं. जुना अंदाज असा की एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. उधाणाला मुंबईत चार मीटरचा चढउतार धरा. दोन तासांत बारातले तीन भाग, म्हणजे एक मीटर पाणी उभं चढलं. वांद्र्याचा खडक सपाट उतरत गेलेला आहे, तिथे एक मीटर उभं म्हणजे आडवं किती लांब आत येतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंच असेल. ‘ब’ चा खालचा सगळा पट्टा तेव्हा पाण्याखाली होता. तुम्ही वरचाच खडक मोजून आलात.

माझी आई त्याच खडकांवर कालवं काढायला जायची. अष्टमीच्या भांगाला ती कधी गेली नाही, कारण भांगाला पाणी हटतच नाही, कालवांचा चांगला पट्टा उघडा पडत नाही. ती जायची ती अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या दोनतीन दिवसांत. पुन्हा जाल तेव्हा दोघी ‘अ’ ला, दोघी ‘ब’ ला, एकाच वेळी जा. आणि एकीने तोंड समुद्राकडे करूनच बसायचं. खाली मान घालून मोजताना पाणी पाठीमागच्या घळीतून आत शिरतं आणि परतायची वाट बंद होते, हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं.

किनाऱ्यावरची_वही

अगं मुली, नाखव्यांनी अर्धं उत्तर दिलंच. उरलेलं अर्धं तुझ्याच प्रश्नातल्या एका वाक्यात आहे: “तिथे काहीच नव्हतं, म्हणून पुन्हा टाकली.”

मी कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा साहाय्यक होते, ३१ वर्षं. दर हिवाळ्यात मुलांच्या सहली किनाऱ्यावर जायच्या, चौकटी मी वाहायचे, नोंदीही बऱ्याचदा मीच लिहायचे. तुझ्या त्या चार रिकाम्या चौकटी तू फेकून दिल्यास. त्या धर आणि बघ. ‘अ’ ला तू चौकट दहा वेळा नाही, चौदा वेळा टाकलीस. ३०० ला १४ ने भाग. २१ येतात. ‘ब’ चे २०. तुझा ३० आणि २० चा फरक गेला की नाही? नाल्यापाशी जीव जास्त नव्हतेच, तू रिकामा खडक मोजला नाहीस एवढंच.

हे इतक्या ठामपणे सांगते कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका वर्षी २४ चौकटींच्या नोंदी कच्च्या कागदावर होत्या, त्या रजिस्टरमध्ये चांगल्या अक्षरात उतरवायचं काम माझ्याकडे होतं. नऊ चौकटी रिकाम्या. पानावर नुसती शून्यं ओळीने दिसत होती, मला वाटलं हे काय लिहायचं, जागा वाया. मी गाळली. शंख एकूण ३३६. चौकटीला १४ यायला हवे होते, रजिस्टरवरून २२ आले. पुढच्या वर्षी मुलांनी त्याच जागी शून्यांसकट मोजलं, १४ च्या आसपास आले, आणि मॅडम काळजीत पडल्या की एका वर्षात एवढे शंख कुठे गेले. तेलाचा तवंग आला होता का, पावसाळ्यात गाळ साचला का, सगळी चौकशी झाली. आठवडाभराने मॅडमनी जुने कच्चे कागद मागितले तेव्हा उलगडा झाला. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. पेन्सिल घेतली, रजिस्टरमध्ये नऊ ओळी आखल्या आणि नऊ शून्यं स्वतः लिहिली. ते पान मला अजून दिसतं. रिकामा खडक हीसुद्धा त्या किनाऱ्याची माहिती आहे, तिथे कुणाला राहता येत नाही हे तो सांगतो.

आता चौकट टाकण्याबद्दल. खांद्यावरून फेकायचं पुस्तकात असतं, पण फेकणाऱ्याला माहीत असतं की मागे कुठे डबकं आहे, कुठे पाय घसरेल. हात आपोआप तिकडे वळतो. शिवाय फेकलेली चौकट कुणाच्या तरी अंगावर आदळते, कालवांवर आपटते. आम्ही फेकत नव्हतो. भिंतीपासून पाण्यापर्यंत ३० मीटरची टेप सरळ ताणायची, आणि टेपवर किती मीटरवर, टेपच्या डावीउजवीकडे किती पावलांवर चौकट ठेवायची ते आकडे घरूनच काढून न्यायचे. तेव्हा मोबाइल नव्हते, मी टेलिफोन डिरेक्टरीचं कुठलंही पान उघडून नंबरांचे शेवटचे दोन आकडे ओळीने उतरवून घ्यायचे. ३० च्या वरचे सोडायचे. तुम्हाला फोनवर मिळतील. एकदा आकडा निघाला की तिथेच चौकट ठेवायची, खडक कितीही ओसाड असो, बाजूला कितीही सुंदर डबकं असो. एक अपवाद: जिथे उभं राहणं धोक्याचं आहे तिथे नाही. मग पुढचा आकडा घ्यायचा आणि कारण वहीत लिहायचं.

पण संपूर्ण किनाऱ्यावर सरसकट आकडे टाकू नकोस. वांद्र्याचा खडक वरून खाली तीन वेगळ्या वस्त्यांसारखा आहे. अगदी वर लिटोरिना, मोहरीएवढे ते मुगाएवढे, भेगांत एकमेकांना चिकटून. ते दिवसचे दिवस पाण्यावाचून काढतात. मध्ये बार्नकल, कालवं, लिंपेट. खाली तुझा तो रबरासारखा थर, शेवाळं, स्पंज, समुद्रफुलं. तिन्ही पट्ट्यांत प्रत्येकी पाच चौकटी ठरवून घ्या, म्हणजे जागेला पंधरा. पट्टे तिथल्या जीवांवरून ठरवू नका, कारण मोजायचेत तेच जीव. पाण्यावरून ठरवा. आदल्या दिवशी संध्याकाळच्या ओहोटीला जा. ओहोटीच्या तीन तास आधी पाणी जिथे असेल तिथे खडूने खूण करा, दीड तास आधी दुसरी खूण, आणि सर्वांत खाली गेलं की तिसरी. खडू टिकत नाही, म्हणून शेजारच्या ओळखीच्या खडकाचा फोटो काढून ठेवा. दोन्ही जागांवर त्याच घड्याळाने.

बार्नकल सोडायचे नाहीत. चौकटीत दोऱ्या बांध. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची चौकट, चार कोपऱ्यांना एल्बो, पाइपला पाच-पाच सेंटिमीटरवर भोकं पाडून नायलॉनची दोरी ओवायची, नऊ उभ्या, नऊ आडव्या. शंभर घरं होतात. भोकांतून पाइपमध्ये पाणी शिरतं त्यामुळे डबक्यात चौकट तरंगतही नाही. आमच्याकडे आधी सागवानी होती, खाऱ्या पाण्याने फुगून तिचे सांधे निखळायचे. तर बार्नकल शंभर घरांतले चारच मोजायचे, कुठली चार ते आधी ठरवून, आणि २५ ने गुणायचं. एका घरात डोकं टेकवून बसलीस तरच दिसेल की त्यातले निम्मे मेलेले असतात, नुसती वाटी उरलेली, मधलं दार गेलेलं. बोटाच्या नखाएवढ्या त्या वाटीत कधीकधी लिटोरिनाचं पिल्लू बसलेलं असतं. रिकाम्या वाट्या वेगळ्या मोज.

आणि तो हिरवट थर म्हणजे झोअँथिड. समुद्रफुलांचा नातलग, शेकडो तोंडं एका चटईत जोडलेली. त्याचे नग मोजायचे नाहीत. शंभर घरांपैकी किती घरं त्याने व्यापली ते बघायचं, ४२ घरं तर ४२ टक्के. स्पंज आणि शेवाळाचंही तसंच. हे टक्के शंखांच्या संख्येत मिसळून इंडेक्स काढू नकोस, दोन तक्ते वेगळे ठेव. हाताने चोळूही नका त्याला, काही जातींत विष असतं, आणि ती बोटं नंतर डोळ्याला लागतात.

नोंदी पेन्सिलनेच. शाई फुटते. प्रत्येक चौकटीचा वरून सरळ फोटो, कोपऱ्यात नंबराची चिठ्ठी ठेवून.

शेवटचं, दगडांचं. खालच्या पट्ट्यात सुटे दगड उलटून बघावेसे वाटतात, बघाही, तिथेच खरी गर्दी असते. पण जसा होता तसा परत ठेवायचा, तीच बाजू खाली, तेच टोक समुद्राकडे. एकदा एका गटाने नारळाएवढा दगड उलटा टाकून दिला होता. खालच्या अंगाला तळहाताएवढा केशरी स्पंज होता आणि शेजारी थाइस शंखाची अंडी, तांदळाच्या दाण्यांसारखी उभी, पिवळसर. पंधरा दिवसांनी दुसऱ्या वर्गाबरोबर गेले तर दगड तसाच. स्पंज वाळून पांढरा, हात लावला तर भुगा झाला. अंडी जांभळी पडली होती. म्हणजे मेलेली. मी तो दगड सुलटा केला, पण आता त्यात करण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून दगड उलटणाऱ्याच्या शेजारी मी उभी राहायचे आणि तो खाली ठेवेपर्यंत हलायचे नाही.

शंखशिंपली_सांताक्रूझ

काकू, नाखवा, खूप खूप धन्यवाद. ३०० भागिले १४ केलं तेव्हा आम्ही चौघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

दोन प्रश्न राहिले. एक, संख्येतला फरक गेला, पण ०.८२ आणि ०.१५ हा फरक तर रिकाम्या चौकटी धरूनही तसाच राहतो ना? दोन, खेकडे आणि निवटे चौकट टेकवायच्या आत पळून जातात. ते कसे मोजायचे?

खाडीकाठ

मी सध्या खाडीच्या चिखलातल्या जीवांवर पीएचडी करतोय, म्हणून इंडेक्सचा भाग मी घेतो.

रिकाम्या चौकटींनी सिम्पसन बदलत नाही हे तुम्ही बरोबर पकडलंत. त्याचा अर्थ असा: जमवलेल्या सगळ्या जीवांतून डोळे मिटून दोन उचलले, तर ते एकाच जातीचे निघण्याची शक्यता म्हणजे डी. एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ साली ‘नेचर’मध्ये तो मांडला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्लेचली पार्कला शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्यांत होते. ‘ब’ ला २०० पैकी १८४ लिटोरिना, शंभरात ९२. कुठलेही दोन उचला, बहुतेक वेळा दोन्ही लिटोरिनाच येणार. म्हणून डी ०.८५ आणि इंडेक्स ०.१५. आणि लिटोरिना एवढे का, ते नाखव्यांनी सांगितलं: तुम्ही वरच्याच पट्ट्यात होता. तुमच्या ०.८२ आणि ०.१५ मध्ये तुलना नाला असण्या-नसण्याची झालेलीच नाही, खालच्या आणि वरच्या खडकाची झाली. पुन्हा कराल तेव्हा तिन्ही पट्ट्यांचे इंडेक्स वेगळे काढा, वरचा वरच्याशी, खालचा खालच्याशी ताडून बघा.

तुमच्या ‘ब’ च्या आकड्यांत आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. किती जाती नजरेतून सुटल्या असतील याचा अंदाज काढायची तैवानच्या ॲन चाओ यांची १९८४ ची रीत आहे. एकदाच सापडलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग, त्याला दोनदा सापडलेल्या जातींच्या दुपटीने भागायचं, आणि येईल ते सापडलेल्या जातींत मिळवायचं. तुमच्याकडे एकदाच सापडलेला एक (हर्मिट), दोनदा सापडलेला एक (लिंपेट). एकाचा वर्ग भागिले दोन, म्हणजे अर्धा. पाच अधिक अर्धा, साडेपाच. सूत्र सांगतंय की जवळजवळ सगळ्या जाती मिळाल्या. वरच्या पट्ट्यापुरतं ते खरंही असेल. पण पाण्याखाली गेलेल्या खडकाबद्दल सूत्राला काहीही माहीत नाही, कारण तिथे तुमची एकही चौकट पडली नाही. हे मी माझ्या पहिल्या वर्षी समजून घ्यायला हवं होतं. चिखलात जिथे पाय रुतत नाही तिथलेच नमुने घेऊन मी असेच गुळगुळीत आकडे काढत बसलो होतो.

जाती मोजतानाही जपून. ३०० जीवांत ९ आणि २०० जीवांत ५ असं थेट ताडता येत नाही, जास्त जीव हाती लागले की जाती आपोआप वाढतात. दोन्हीकडे तेवढेच जीव हाती असते तर किती जाती निघाल्या असत्या, हे हॉवर्ड सँडर्स यांनी १९६८ मध्ये समुद्रतळाच्या जीवांसाठी काढून दाखवलं. रेअरफॅक्शन म्हणतात त्याला. तुमच्यासाठी साधा मार्ग: पहिल्या चौकटीनंतर किती जाती, दुसरीनंतर एकूण किती, असं पंधराव्यापर्यंत आलेखावर मांडा. रेघ आडवी होत आली तर बऱ्यापैकी मोजून झालं. चढतच राहिली तर पंधरा पुरल्या नाहीत, तसं अहवालात लिहा.

आता तुमचा मूळ प्रश्न, नाल्यामुळे झालं असं लिहिता येईल का. नाही. नाला एकच आहे. त्याच्या तोंडाशी पंधरा काय, पन्नास चौकटी टाकल्या तरी त्या एकाच नाल्याच्या होतील. ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये खडकाचा उतार, भेगा, लाटांचा मारा, लोकांची वर्दळ, काहीही वेगळं असू शकतं. अशा मोजणीला स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं आणि पर्यावरणशास्त्राचे कितीतरी प्रसिद्ध झालेले प्रयोग या एका दोषावर तपासले. नाल्याबद्दल बोलायचं तर तीनचार नाले आणि तेवढ्याच बिननाल्याच्या जागा हव्यात. तुमच्या प्रकल्पात ‘या दोन जागांत एवढा फरक दिसला’ इतकंच लिहा.

दगडांचं काकूंनी सांगितलं, त्याला जोडून: काहीही उचलून घरी किंवा प्रयोगशाळेत नेऊ नका. खालच्या पट्ट्यात कठीण प्रवाळाच्या छोट्या वसाहती दिसू शकतात, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघासारखेच. फोटो पुरेत.

किनाऱ्यावरची_वही

पळणाऱ्यांचं मी सांगते. निवटा आणि खेकडा चौकटीत मोजता येत नाही. टेपपासून दोन मीटर लांब बसायचं, हालचाल न करता दहा मिनिटं. सावली पुढे पडू द्यायची नाही. पहिली चारपाच मिनिटं काही दिसत नाही, मग भेगेतून आधी डोळे वर येतात. दहा मिनिटांत एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा लिहायचा. बेरीज करत गेलीस तर एकच खेकडा तीनदा मोजशील.

हळू चालणाऱ्यांसाठी, नेराइटासारख्या शंखांसाठी, आमच्या मॅडम नेलपॉलिश वापरायच्या. शंख रुमालाने कोरडा करून पाठीवर टिकलीएवढा ठिपका, तोही खडकाच्या रंगाशी मिळताजुळता, नाहीतर पक्ष्याला तोच आधी दिसतो. वाळला की होता तिथेच ठेवायचा. समज ४० शंखांना ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी त्याच तुकड्यात ५० गोळा केले, त्यात ठिपक्याचे ८ निघाले. ४० गुणिले ५० भागिले ८, म्हणजे तिथे साधारण २५०. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांना खुणा करून मोजायला सुरुवात केली, त्यातून आलेली ही रीत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे मोजतात तेही याच विचाराने, फक्त तिथे ठिपके आधीच अंगावर असतात. कॅमेऱ्यात आलेल्या बिबट्याची नक्षी जुन्या फोटोंशी जुळते का ते बघायचं. प्राण्याला हातही लागत नाही.

यात एकच जपायचं: ठिपका दिलेला शंख मधल्या वेळात तिथून जाता कामा नये, आणि ठिपका निघता कामा नये. म्हणून एकदोन दिवसांतच पुन्हा मोजायचं.

शंखशिंपली_सांताक्रूझ

आज पुन्हा जाऊन आलो. अमावास्येनंतरची द्वितीया, नाखव्यांच्या हिशेबाने दुपारी दीडला भरती, म्हणून ओहोटी साडेसातच्या जरा आधी. काल दुपारी साडेतीनला जाऊन खडूच्या खुणा केल्या होत्या. आज उजाडताच दोघी ‘अ’ ला, दोघी ‘ब’ ला. आधी खालचा पट्टा, मग पाणी चढेल तसं वर सरकत गेलो. माझ्या बाजूला मीच समुद्राकडे तोंड करून बसले होते, म्हणून नोंदीही मीच घेतल्या.

जागेला पंधरा चौकटी झाल्या. ‘अ’ ला तीन रिकाम्या, ‘ब’ ला चार. साती लिहिल्या. ‘ब’ च्या खालच्या पट्ट्यात एकदम आठ जाती निघाल्या, मागच्या वेळी अख्ख्या ‘ब’ ला मिळून पाचच होत्या. झोअँथिड एका चौकटीत ६१ घरं. बार्नकलच्या चार घरांना वीस मिनिटं लागली. काकूंनी सांगितलेलं पिल्लू रिकाम्या वाटीत खरंच बसलेलं होतं, आम्ही चौघींनी आळीपाळीने पाहिलं.

आलेखाची रेघ ‘अ’ ला बाराव्या चौकटीपासून आडवी आहे. ‘ब’ ची पंधराव्यालाही चढतेय. सरांना विचारलं, ते म्हणाले पौर्णिमेला ‘ब’ च्या खालच्या पट्ट्यात आणखी पाच टाका. नाखवा, पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस घ्यावा की तिसरा?

‘अ’ ला बारा नंबरच्या चौकटीत एक दगड होता, खाली केशरी थर आणि पिवळसर अंडी, मोजली तर ३७. मैत्रिणीने दगड धरून ठेवला होता तेवढ्यात मी फोटो काढला. मग तो तसाच खाली ठेवला, तेच टोक समुद्राकडे.

दांड्याचा_नाखवा

दुसरा घ्या. तिसऱ्या दिवशी पाणी चांगलं हटेल, पण ओहोटी आठच्या पुढे जाईल आणि खडकावर माणसं वाढतात.